वीतभर सडा

१

सकाळी दारात सडा घालायचा तो आपल्या हद्दीत पूर्ण आणि शेजारणीच्या हद्दीत वीतभर. वीतभरच. कमी घातला तर बाई कद्रू ठरते. जास्त घातला तर त्याचा अर्थ, 'हल्ली तुमच्यानं होत नाही वाटतं?' समोरच्या घरात एकदा ओसाकाची सून आली होती. तिनं उत्साहाच्या भरात शेजारच्यांचं अख्खं दार शिंपून टाकलं, तर तिच्या सासूला हातातलं काम टाकून माफी मागायला धावावं लागलं. कारण दुसऱ्याचं दार उंबऱ्यापर्यंत शिंपतात ते एकाच वेळी, त्या घरात मयत झालेली असते तेव्हा. घरची माणसं त्या दिवशी बादली कुठून उचलणार? म्हणून शेजारी येतात, अवाक्षर न बोलता सगळं करून जातात.

बाहेरच्यांना हे ऐकून हसू येतं. येऊ दे. आमच्या क्योतोत माणसं तोंडानं कमी बोलतात. तात्सुमीसान आणि मी, एका भिंतीच्या दोन बाजूंना आमचा जन्म गेला. मी पहाटे उठणारी, ती ऊन वर आल्यावर. माझ्या हद्दीत तिची ती ओली वीत दिसली की समजायचं, बरी आहे. नाही दिसली की मी भिंतीवर थाप मारायची आणि ती आतून ओरडायची, "मेले नाहीये अजून!"

मग बोगदा आला.

शहराच्या खालच्या अंगाला दर पावसाळ्यात गटारं उलटी वाहायची, लोकांच्या घरात नको ते शिरायचं. म्हणून सांडपाणी आणि पावसाचं पाणी एकदम पोटात घेईल असा भलामोठा बोगदा आमच्या पायांखालून न्यायचं ठरलं. त्याला नाही कोण म्हणणार? गल्लीच्या तोंडाशी बंद पडलेली शाळा होती, तिच्या मैदानात खड्डा खणला. कंपनीचे इसोगाईसान घरोघर एकेक टॉवेल घेऊन आले, कमरेत वाकले आणि म्हणाले, "थोडा त्रास होईल." बिचाऱ्यांची नोकरीच ती, लोकांची बोलणी खायची. केस माझ्यादेखत पिकले त्यांचे.

जमीन दिवसभर घुमायची. कपाटात बशा वाजायच्या. दारं अडकायला लागली, भिंतींना तडे गेले, आणि एकेक घर कंपनीनं 'तात्पुरतं' म्हणून ताब्यात घेऊन दारावर फळ्या ठोकल्या. शेवटी तात्सुमीसानलाही तिचा मुलगा घेऊन गेला. जाताना ती मला म्हणाली, "तुझंच बरं आहे बाई, तुला न्यायला कुणी आलं नाही." चेष्टाच केली होती. पण आम्ही दोघी रडलो.

गल्लीत मी एकटी उरले. ऑगस्टच्या अखेरीस ते खणायचं यंत्र नेमकं माझ्या घराखालून जाणार होतं. तोवर घर सोडा, असं इसोगाईसान विनवत होते. माझी मुलगी तोमोए ओत्सूला नवव्या मजल्यावर राहते, तिनं खोली आवरून ठेवली होती. मी दोघांना नाही म्हटलं. एकदा इथून उठले की परत येऊ देणार नाहीत, हे मला पक्कं ठाऊक होतं. आणि नवव्या मजल्यावर माणसानं सडा घालायचा तरी कुठं?

२

ओबोनचे, पितरांचे दिवस संपले त्याच्या दुसऱ्या सकाळी मी बादली घेऊन बाहेर आले, तर तात्सुमीसानच्या दारात सडा घातलेला.

फळ्या तशाच ठोकलेल्या. कुलूप तसंच. आणि पुढची फरशी ओली. नुसती ओली नाही, नीट शिंपलेली. सारख्या कमानी, कुठं डबकं नाही, धूळ बसेल इतकंच पाणी. असा हात हल्ली कुणाचा राहिला नाही. आणि माझ्या हद्दीत सरळ रेषेत वीतभर.

खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. किती दिवसांत मला कुणी नमस्कार केला नव्हता. कंपनीची माणसं करत असतील, म्हटलं, इसोगाईसाननी शिकवलं असेल. मी माझं दार शिंपलं आणि हद्दीवर थांबले. समोरून आलेली वीत परत न करणं हे काही आमच्या रक्तात नाही. मी ओगराळं भरलं आणि तात्सुमीसानच्या फरशीवर वीतभर पाणी टाकलं. वर "कष्ट झाले तुम्हाला" असंही पुटपुटले.

इतकंच केलं मी. शिष्टाचार पाळला.

३

त्यानंतर रोज तेच. मी कितीही लवकर उठले तरी तिथलं आधीच झालेलं असायचं. दुसरी एक गोष्ट माझ्या मनात टोचत होती. ऑगस्टचं ऊन. माझा सडा न्याहारी होईतो वाळून जायचा. तो मात्र दुपारपर्यंत ओला राहायचा. मी एकदा बोट लावून बघितलं, तर हाडापर्यंत गारठा गेला.

इसोगाईसान भेटले तेव्हा म्हटलं, "तुमची माणसं फार नीट काम करतात हो."

"कुठली माणसं, कुवातासान?"

"सडा घालणारी."

ते हसले. मग मी हसत नाही असं बघून त्यांनी तोंड मिटलं. "गल्लीचं फाटक सातला मीच उघडतो. त्याआधी आत कुणी नसतं. आणि या घरांचं पाणी तर जूनमध्येच तोडलंय."

ते फरशीवर गुडघे टेकून बसले, हात लावून वास घेतला. "खालून वर येत असेल," ते म्हणाले. "माती मऊ पडावी म्हणून यंत्राच्या पुढं आम्ही हवा आणि फेस सोडतो. कधी कधी तो जुन्या विहिरीतून वर निघतो. तात्सुमीसानच्या मागच्या अंगणात विहीर आहे ना? बुजवलेली?"

"आहे. पण खालून आलेलं पाणी माझ्या हद्दीत वीतभर येऊन सरळ रेषेत थांबेल का?"

त्यांनी फरशीच्या फटीत एक सळी घालून बघितली. बराच वेळ बघत राहिले. "खाली कोरडं आहे," ते म्हणाले, आणि रुमालानं मान पुसायला लागले.

मी घरात येऊन तात्सुमीसानला फोन लावला.

"तू येतेस का गं सकाळी इकडं?"

"मी? अगं, माझे गुडघे बघ! इथं सुनेच्या घरी संडासापर्यंत जाताना देव आठवतो. मी काय गाडी करून सडा घालायला येऊ?"

मी सगळं सांगितलं. ती 'अगंबाई, अगंबाई' करत राहिली. मग म्हणाली, "तू परत घातलास का पण?"

"घातला. वीतभर."

"मग ठीक केलंस. नाहीतर काय म्हणतील."

"कोण म्हणतील?"

"बोलायची पद्धत गं," ती म्हणाली. "तू कशाला तिथं एकटी कुढत बसलीयेस? जा ना मुलीकडं. कधी एकदा जातेस असं झालंय मला."

फोन ठेवल्यावर मला इतकं एकटं वाटलं, इतकं तर ती गेली त्या दिवशीही वाटलं नव्हतं.

४

एका सकाळी मी ठरवून अंधारात उठले आणि दारामागच्या लाकडी जाळीशी जाऊन बसले. म्हटलं, असेल कुणी वेडी बाई, मागच्या भिंतीवरून येत असेल. जगात वेड्या बाया काय कमी आहेत? एक तर इथं जाळीमागेच बसली होती.

उजाडताना आवाज आला. सप्. मग सप्. अगदी जवळ, बेतानं, घाई नाही. जाळीतून मला फक्त समोरचं दिसतं, बाजूचं दिसत नाही. मी कान देऊन ऐकत राहिले. काहीतरी चुकत होतं आणि काय ते कळेना. मग कळलं. ओगराळं बादलीत बुडवलं की कडेला लागतं, टक् होतं. कितीही हलका हात असला तरी होतं. इथं नुसतं पाणी पडत होतं. भरून घेतल्याचा आवाजच नव्हता. पावलांचाही नव्हता.

माझ्या हद्दीशी येऊन ते थांबलं. सप्, ती शेवटची वीत. मी धीर करून दार ओढलं. यंत्रानं घर हलवल्यापासून ते दार अडकतं, उघडेपर्यंत वेळ गेला. बाहेर ओली फरशी आणि रिकामी गल्ली.

मी मुकाट्यानं माझी वीत परत केली. या वेळी थोडं पाणी वीतभराच्या पलीकडं सांडलं. ते मी कमरेच्या रुमालानं टिपून घेतलं. माझं मला हसू आलं आणि भीतीही वाटली.

५

यंत्र यायला दोन दिवस राहिले तेव्हा तोमोए आली. शेचाळीस वर्षांची आहे, दातांच्या दवाखान्यात काम करते, सगळ्या जगाशी आ करा म्हटल्यासारखं बोलते.

"आई, उद्या संध्याकाळी आपण निघायचं. बॅग भर."

"भरीन."

"भरीन नाही. आत्ता."

ती माझ्यासाठी खारवलेल्या वांग्यांची बरणी घेऊन आली होती. रात्री आम्ही शेजारी अंथरुणं टाकली. जमिनीखालचं घरघरणं आता पाठीला लागत होतं. तोमोए झोपेत माझा हात धरून होती, लहानपणी धरायची तसा. मी मनाशी ठरवून टाकलं. खरंच ठरवलं. उद्या हिच्याबरोबर जायचं. पुरे झाला हट्ट. इतकं हलकं वाटलं की मला गाढ झोप लागली, आणि जन्मात कधी नव्हे ते मी ऊन अंगावर येईतो झोपून राहिले.

जाग आली तर शेजारचं अंथरूण घडी करून ठेवलेलं. बाहेर बादलीचा आवाज. तोमोए घामानं निथळत आत आली, चेहरा नुसता फुललेला.

"तुझा सडा घातला बरं का. शेवटचा दिवस, म्हटलं, तुला आराम."

"वीत घातलीस?"

"कसली वीत! तात्सुमीकाकूंचं सगळं दारच धुऊन काढलं. किती धूळ होती! कोरडं खडखडीत होतं, पार फळ्यांपर्यंत."

मी बाहेर जाऊन बघितलं. शेजारचं दार उंबऱ्यापर्यंत ओलं होतं. त्या सकाळी तिथं कुणी सडा घातलेला नव्हता. मी उठून बाहेर येण्याची कुणीतरी वाट बघितली होती, आणि माझ्याऐवजी ही आली होती.

"तोमोए, अगं, अख्खं दार कधी शिंपतात?"

तिनं जीभ चावली. "अय्या! हो की. पण आई, घर रिकामं आहे. कुणाला राग येणार?" मग सहज म्हणाली, "म्हणजे रिकामं नाहीये ना. आत माणसं ठेवलीत वाटतं कंपनीनं. 'कष्ट झाले तुम्हाला' म्हणाल्या आतून."

"कोण?"

"कुणीतरी बाई. की दोघीतिघी होत्या, एकदम बोलल्यासारखं वाटलं. फार हळू. कुणाच्या घरच्या, असं विचारलं. मी म्हटलं, कुवातांची मुलगी." तिनं माझ्याकडं बघितलं. "आई, बस. तुझा चेहरा बघ कसा झालाय."

६

मी बसले आणि विचार केला. माझं डोकं अजून शाबूत आहे. कंपनीनं खरंच आत कुणाला ठेवलं असेल. फेस सोडतात, हवा सोडतात, विहिरीतून हवा आली की शब्द ऐकू आल्यासारखं वाटतं. हे सगळं मी स्वतःला समजावलं. पण मी या गल्लीत आयुष्य काढलंय. इथं घातलेलं पाणी परत आल्याशिवाय राहत नाही, आणि जेवढं घातलं तेवढंच येतं. वीत घातली तर वीत. अख्खं दार घातलं तर अख्खं दार, आणि ते मयतीच्याच घरी. घरी माणूस असलं तर घरी येऊन परत करतात. घर बंद दिसलं तर माणूस जिथं गेलं असेल तिथं जाऊन. मी स्वतः एकदा आगगाडीनं जाऊन एका बाईंच्या टरबुजाची परतफेड करून आलेय.

म्हणजे मी गेले की हे घर बंद. मग ते मुलीला शोधत निघणार. ओत्सूला, नवव्या मजल्यावर.

तोमोए माझी बॅग भरत होती. स्वेटर घेऊ का विचारत होती, ऑगस्टात. मी तिच्या पाठीकडं बघत राहिले. खरं सांगितलं असतं तर ती मला डॉक्टरकडं घेऊन गेली असती, आणि जबरदस्तीनं का होईना, गाडीत घातलं असतं. तिला इथून घालवायचं तर एकच वाट होती.

"तोमोए," मी म्हटलं, अगदी गोड आवाजात, "चहाभात खाऊन जातेस का?"

तिचे हात थांबले. आमच्याकडं नको झालेल्या पाहुण्याला असं विचारतात. विचारलं की त्यानं उठायचं असतं. हे परक्याला म्हणतात. पोटच्या मुलीला कुणी म्हणत नाही.

"आई, मला काय म्हणालीस?"

"उशीर झाला ना तुला. आमच्यासारख्या गरिबाघरी इतका वेळ बसलीस, फार उपकार झाले."

"असं नको बोलूस माझ्याशी! चिडायचं तर चीड, ओरड. असं नको बोलूस."

"पुन्हा येणं व्हायचं नाही तुमचं, कामं असतात. आम्हीही वाट बघणार नाही."

ती रडत रडत चपला घालत होती. मला वाटलं, आत्ता उठावं आणि तिला पोटाशी धरावं. मी चहाची किटली उचलून आत गेले. दार अडकलं, तिनं दोनदा ओढलं, मग लागलं.

संध्याकाळी इसोगाईसाननी दारात उभं राहून हात जोडले. "कुवातासान, कृपा करा. तीन दिवसांचा प्रश्न आहे."

"मी घरी आहे," मी म्हटलं. "कुणी विचारलं तर सांगा, घर उघडं आहे, माणूस घरी आहे."

७

यंत्र रात्रभर खालून गेलं. घर पडलं नाही. पहाटे अचानक सगळं शांत झालं आणि त्या शांततेत मला तो आवाज ऐकू आला.

या वेळी माझ्या दारात.

मी जाळीशी गेले. आधी नुसती फरशी दिसली, पार समोरपर्यंत ओली. मग एक पाठ दिसली. खाली वाकलेली, ओल्या चिकणमातीच्या रंगाची. पलीकडं आणखी एक होती, त्यापलीकडं आणखी, सगळ्यांचे हात एकदम हलत होते. बादली कुणाकडं नव्हती. ओगराळं फरशीत जात होतं, पाण्यात जावं तसं, दांड्यापर्यंत, आणि भरून वर येत होतं. मी डोळे मिटून घेतले. पुढचं मी बघितलेलं नाही.

सप्, सप्, करत ते उंबऱ्याजवळ आलं आणि थांबलं. मी डोळे उघडले तेव्हा पाठी नव्हत्या. उंबऱ्यालगत एक वीत तेवढी कोरडी ठेवली होती. अजून पुरं केलं नव्हतं.

जाळीच्या अगदी पलीकडून, हळू आवाजात, फार अदबीनं विचारलं, "मुलगी आहे का घरी?"

"कुठली मुलगी?" मी म्हटलं. आवाज बरा लागला.

"दार शिंपलं ती."

"ती मीच."

"आवाज वेगळा होता."

"सर्दी झालीये. वय झालं माझं."

बाहेर ते आपसात ठरवत असावेत, तसं काहीसं ऐकू आलं. "'कुवातांची मुलगी' म्हणाली होती."

"मी या घरचीच मुलगी ना. मला मूलबाळ नाही. मी एकटीच असते इथं."

आणि नेमका तेव्हाच घरात फोन वाजायला लागला. या वेळी एकच माणूस फोन करतं, उठल्याउठल्या. मी तिथंच उभी राहिले. तो वाजत राहिला.

"आपला फोन वाजतोय," बाहेरून म्हणाले.

"राँग नंबर असेल."

ती वीत त्यांनी कोरडीच ठेवली. त्यांची खात्री पटलेली नाही. म्हणून रोज सकाळी येतात, रोज विचारतात, आणि मी रोज तेच सांगते. इतर वेळी तरी फोन उचलावा, असं वाटतं. पण शेजारची नि माझी भिंत एकच आहे, आणि तिला आता हात जाईल एवढा तडा गेलाय. पलीकडं सगळं ऐकू जातं. इसोगाईसान भाजी आणून देतात. ते तोमोएला कळवतात की आई ठीक आहे, पण बोलायला तयार नाही. ती त्यांच्यापाशी रडली म्हणे. मी म्हटलं, "भोपळा जरा पिकलेला आणत जा."

पहिले काही दिवस फोन खूप वेळ वाजायचा. मग एकदोनदा वाजून थांबायला लागला. काल वाजलाच नाही.

"आज फोन नाही आला?" बाहेरून विचारलं.

"कुणाचा येणार?" मी म्हटलं.